मास्तरांचा डावा हात

नवी तुकडी आली की पहिल्या दिवशी मास्तर खाटकाकडून एक तंगडी आणत. मांडीपासून खुरापर्यंतची, मांसासकट. मैदानाच्या कडेला पत्र्याची शेड होती आणि शेडसमोरच्या लोखंडी खांबाला एक जुनं पॅरामोटर साखळीने करकचून बांधलेलं असे. पॅरामोटर म्हणजे दप्तरासारखं पाठीवर अडकवायचं इंजिन. त्याच्या मागे माणसाच्या हाताएवढ्या पात्यांचा पंखा आणि पंख्याभोवती जाळीचा गोल पिंजरा. डोक्यावर लांबलचक कापडी विंग उघडली, पाठीवरून इंजिनाने ढकललं, की माणूस चार पावलं धावून उडतो. लोक ते शिकायला येत. मास्तर त्यांना आधी दुसरंच काहीतरी दाखवत.

इंजिन सुरू करून ते पूर्ण वेग देत आणि तंगडी जाळीतून आत सारत. ओलं पोतं भिंतीवर आपटावं तसा आवाज होई. पुढच्या रांगेतल्यांच्या शर्टांवर मांसाचे तुकडे उडत. हाडाचे तीन तुकडे होऊन एक शेडच्या पत्र्यावर खणकन आदळे. प्रत्येक तुकडीत कुणीतरी एक जण कोपऱ्यात जाऊन ओकून येई.

"हाडाला माहीत नसतं ते कुणाचं आहे," मास्तर इंजिन बंद करून म्हणत. "मशीन पाठीवर घेतल्याशिवाय सुरू करायचं नाही. वेगाचा खटका, हा थ्रॉटल, ढिला आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय इंजिनाची दोरी ओढायची नाही. हे जो विसरेल त्याच्या मी कानाखाली जाळ काढीन."

आणि ते खरंच काढत. एका बँक मॅनेजरला त्यांनी त्याच्या बायकोसमोर थोबाडलं होतं. एका ट्रक ड्रायव्हरने उलट हात उचलला, तेव्हा दोघं चिखलात लोळून एकमेकांना बुकलत राहिले. दुसऱ्या दिवशी तोच ड्रायव्हर सुजलेला डोळा घेऊन वेळेवर हजर झाला आणि अभ्यासक्रम पुरा करून गेला. मास्तर रानटी आहेत, पण त्यांच्या मैदानावर माणूस मरत नाही, असं लोक म्हणत. ते खरं होतं. अकरा वर्षांत कुणाचे घोटे मोडले, कुणाचं मनगट गेलं, पण मेलं कुणी नाही.

मास्तरांच्या डाव्या हाताला तीनच बोटं होती. पाठीमागे त्यांना सगळे तीनबोट्या म्हणत. त्या दोन बोटांची गोष्टही सगळ्यांना पाठ होती. मास्तरांच्या मेव्हण्याने, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाने, थ्रॉटल न बघता जमिनीवर ठेवलेलं मशीन सुरू केलं. ते त्याच्या अंगावर आलं. मास्तर त्याला सोडवायला धावले, त्यात त्यांची बोटं गेली. मेव्हणा जागीच संपला.

ही गोष्ट खोटी होती. नुसती खोटी नव्हे, सरळ उलटी होती.

तेव्हा मास्तर मोटारसायकली दुरुस्त करत आणि मेव्हणा माल पोचवणारी व्हॅन चालवी. दोघांत मिळून एक मशीन, एक विंग. त्या सकाळी वारा चढायच्या आत उडायचं म्हणून मास्तरांना घाई झाली होती. मेव्हणा दहा पावलांवर विंग पसरत होता. पाठीवर घ्यायच्या आधी इंजिन जरा गरम करावं म्हणून मास्तरांनी मशीन गवतावर उभं केलं, डावा हात पिंजऱ्यावर दाबला आणि उजव्या हाताने दोरी ओढली. आदल्या दिवशी थ्रॉटलचा खटका पूर्ण वेगावर अडकवून ठेवला होता, तो तसाच होता. इंजिन सुरू झालं ते थेट पूर्ण वेगात. मशीन उसळलं आणि मास्तरांना उताणं पाडून छातीवर चढलं. डावा हात जाळी फाडून आत गेला.

मेव्हणा ओरडला. आला आणि दोन्ही हातांनी पिंजऱ्याची कडी धरून ते धूड ओढू लागला. कडी वाकली. पातं तिच्यावर आपटून फुटलं आणि फुटलेला तुकडा त्याच्या मानेत शिरला. मशीन बाजूला पडलं तेव्हा तो गुडघ्यांवर बसला होता, दोन्ही हात मानेवर दाबून, आणि बोटांच्या फटींतून रक्त उडत होतं. मास्तर रांगत त्याच्यापर्यंत पोचले. आपल्या हाताला काय झालंय ते त्यांना तोवर कळलंही नव्हतं.

दवाखान्यात बायको आली. तिने विचारलं, "कसं झालं?" मास्तरांनी तोंड उघडलं आणि आतून वाक्य आलं ते असं: "त्यानं सुरू केलं. मी सोडवायला गेलो." एवढंच. पुढे पोलिसांना, डॉक्टरला, शेजाऱ्यांना तेच सांगावं लागलं. मेलेला माणूस गाफील ठरला आणि जगलेला शूर. त्यानंतर मास्तरांनी शाळा काढली. विद्यार्थ्यांना ते मारत तेव्हा आपण नेमकं कुणाला मारतोय हे त्यांना ठाऊक होतं.

अकरा वर्षांनी मेव्हण्याची मुलगी शिकायला आली. सव्वीस वर्षांची. एका कारखान्यात लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, काम करायची, म्हणून तुकडीत तिला सगळे लेथवाली म्हणू लागले. मास्तरांनी तिला घालवून द्यायचा प्रयत्न केला.

"तुझ्या आईला काय वाटेल?"

"आईला विचारून आलेय. ती म्हणाली, बाप गेला तसा जीव देऊ नकोस."

"मग कशाला आलीस?"

"बाबांनी चूक नेमकी कुठे केली ते बघायचंय, काका. चूक कळली की माझ्या जिवाला बरं वाटेल."

 मास्तरांना नाही म्हणायला कारण सापडेना.

पोरगी हुशार होती. पहिले दोन आठवडे मास्तर कुणालाच इंजिन देत नसत. नुसती विंग जमिनीवरून वर उचलायची आणि वाऱ्यात डोक्यावर उभी धरायची. पहिल्याच दिवशी झुळकेने विंग भरली आणि लेथवालीला पालथं पाडून पंचवीस पावलं फरपटत नेलं. कोपरं सोलून निघाली. मास्तर बाजूने धावत ओरडत राहिले, "एक ब्रेक ओढ, एकच! दोन्ही ओढू नकोस!" तिने एकच ओढला, विंग वळून पडली. ती थुंकून तोंडातली माती काढत उठली आणि म्हणाली, "का?"

"का" विचारणारे विद्यार्थी मास्तरांना मनापासून आवडत. ते तिथेच बसले.

"या कापडात काठी नाही, तार नाही. पुढच्या कडेला तोंडं आहेत, त्यांतून हवा आत शिरते आणि तिच्याच दाबाने विंगला आकार येतो. हवा विंगच्या पाठीवरून सुरळीत वाहते तोवर ती तुला उचलते. हातातली ब्रेकची दोरी ओढलीस की मागची कड खाली येते. थोडी आली तर उचल वाढते. जास्त आली तर पाठीवरची हवा सुटते आणि वर उरतं नुसतं फडकं. वर इंजिन ढकलतंय तुला, विंगला नाही. तू पुढे जातेस, ती मागे राहते. त्यात ब्रेक ओढलास तर संपलीस. घाबरलेला माणूस हाताला येईल ते ओढतो. म्हणून घाबरलीस की हात वर."

तिने हे सगळं वहीत उतरवलं, आकृतीसकट.

शेडच्या आतल्या भिंतीवर अपघातातल्या मशीनचा सांगाडा टांगलेला होता, सर्वांना धडा म्हणून. लेथवाली जेवणाच्या सुट्टीत त्याच्यासमोर उभी राही. धातू कुठून वाकला, कुणीकडे ओढला गेला, हे वाचणं तिचं रोजचं काम होतं. एकदा ती खिशातून माप काढून कडीचा बाक मोजताना दिसली. मास्तर दारातूनच मागे फिरले. त्या दिवशी त्यांनी तीन जणांना विनाकारण बडवलं.

चौथ्या आठवड्यात एका सकाळी सगळे मैदानावर जमले होते. मास्तर विंगच्या दोऱ्या तपासत होते. त्यांनी मान वर केली तर लेथवालीने मशीन गवतावर उभं केलं होतं, डावा हात पिंजऱ्यावर दाबला होता आणि उजव्या हातात दोरी धरली होती.

मास्तर कसे पोचले ते त्यांनाही कळलं नाही. त्यांची थप्पड अशी बसली की ती मशीनवरून पलीकडे जाऊन पडली. ओठ फाटला. मास्तरांनी तिला कॉलरला धरून उभं केलं आणि दुसरी मारायला हात उगारला.

तिने खिशातून एक वस्तू काढून त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. इंजिनाला ठिणगी देणारा स्पार्क प्लग.

"प्लग काढून ठेवलाय. मी वेडी नाही." रक्त तिच्या हनुवटीवरून गळत होतं. "काका, माझा डावा हात कुठे होता?"

मास्तरांनी कॉलर सोडली.

"सांगा ना. सुरू करणाऱ्याचा डावा हात इथे असतो. त्या सांगाड्याची जाळी फाटलीय ती इथेच. आणि कडी वाकलीय ती पलीकडून, बाहेरच्या बाजूला. दोन हातांनी ओढलेली. ओढणारा सोडवायला आला होता." ती एक पाऊल पुढे आली. "बाबांना न्यायच्या आधी मी बघितलं होतं. पंधरा वर्षांची होते मी. मान नव्हती बघवत, म्हणून हातांकडेच बघत बसले होते. दहाच्या दहा बोटं जागेवर होती, काका."

 मास्तरांना वाटलं, आता काहीतरी बोलावं, कडी नंतर वाकली असेल म्हणावं, ट्रकमध्ये टाकताना वाकली म्हणावं. तयार उत्तरं अकरा वर्षं त्यांच्याकडे होती. त्यांतलं एकही ओठांवर आलं नाही.

"मीच सुरू केलं होतं," ते म्हणाले. "त्यानं मला सोडवलं."

लेथवालीचं हेल्मेट गवतावर पडलं होतं. तिने ते पट्ट्याला धरून उचललं, फिरवलं आणि त्यांच्या तोंडावर घातलं. दोन दात गेले. मास्तरांचा हात सवयीने वर उठला होता, तो त्यांनी खाली घेतला. दुसरा घाव गळ्याच्या हाडावर बसला आणि वाळकी फांदी मोडावी तसा आवाज आला. ते खाली पडले तरी ती मारतच राहिली, एक शब्द न बोलता, यंत्र चालवावं तशी. तुकडीत एक निवृत्त पोस्टमन होता. त्याने तिला कमरेला मिठी मारून मागे ओढलं आणि तिची दोन कोपरं स्वतःच्या बरगड्यांत खाल्ली.

घरी बायको जमिनीवर राखीव पॅराशूटची घडी घालत बसली होती. विंग मिटली तर शेवटचा आधार म्हणून उघडायचं ते पॅराशूट. शाळेतली सगळी तीच बांधायची, आणि घडी हलू नये म्हणून वर छऱ्यांच्या जड पिशव्या ठेवायची. मास्तर खांद्याला पट्टी बांधून दारात उभे राहिले. सुजलेल्या तोंडाने सगळं सांगितलं.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली.

त्यांनी पुन्हा सांगितलं.

तिने छऱ्यांची पिशवी उचलून फेकली. ती चौकटीवर बसली आणि गिलाव्याचा पोपडा खाली आला. दुसरी मास्तरांच्या पोटात बसली, ते वाकले. तिसरी तिने हातातच धरून ठेवली.

"त्याच्या फोटोसमोर उभी राहून मी त्याला शिव्या दिल्यात," ती म्हणाली. "अकरा वर्षं. मेल्या, स्वतः गेलास आणि माझ्या नवऱ्याचा हात घेऊन गेलास, असं म्हणायची मी. तुम्ही बाजूच्या खोलीत ऐकत होता."

"हो."

"चहा पीत होता."

 ती पुन्हा खाली बसली. पॅराशूट अर्धवट घडीत सोडता येत नाही. तिने उरलेल्या घड्या घातल्या, दोऱ्या ओळीने रबरात अडकवल्या, पिशवी बंद केली, चिठ्ठीवर तारीख घालून सही केली. मग कपड्यांची पिशवी भरली आणि वहिनीकडे, म्हणजे भावाच्या विधवेकडे, राहायला गेली.

मास्तर पोलीस ठाण्यात जाऊन खरा जबाब लिहून आले. अंमलदाराने कागद वर पाठवतो म्हणून सांगितलं. त्याचं पुढे काही कळलं नाही. मग ते मेव्हण्याच्या घरी गेले. वहिनी बाहेर आली. तिने पायातली चप्पल काढली आणि भररस्त्यात त्यांच्या तोंडावर मारली. मोडलेल्या हाडावर, डोक्यावर, हात दुखेपर्यंत मारली. शेजारी जमले. एकाने मध्ये पडून विचारलं, काय केलं यांनी? मास्तर स्वतःच म्हणाले, "हिच्या नवऱ्याला गाफील म्हटलं. गाफील मी होतो." वहिनीने चप्पल गटारात फेकली आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या पायातली तशीच राहिली होती.

निम्मी तुकडी सोडून गेली. उरलेल्यांना शिकवायला मास्तर हाड जुळायच्या आधीच उभे राहिले. मारणं त्यांनी बंद केलं नव्हतं, हात वरच होत नव्हता. महिन्याभराने हातही वर होऊ लागला, पण उगारला की त्यांना तो स्पार्क प्लग दिसे आणि ते हात खिशात घालत. नव्या तुकडीला त्यांनी तंगडी दाखवली नाही. सांगाडा भिंतीवरून काढून मध्ये ठेवला आणि जे झालं ते सांगितलं. ऐकून एक बाप आपल्या मुलीला घेऊन उठला. जाताना म्हणाला, "खुनी माणसाकडून शिकायचं नाही." मास्तरांनी त्याला अडवलं नाही.

त्या दिवशी बायको मागच्या बाकावर येऊन बसली होती. ती कधी आली ते त्यांना दिसलं नव्हतं. बोलणं संपल्यावर ती उभी राहिली.

"तो ओरडला होता म्हणालात. काय ओरडला?"

हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. "भाऊजी, डोळे मिटा, असं म्हणाला. तुकडे उडत होते. मी डोळे मिटले. म्हणून..." ते थांबले. "म्हणून त्याला लागलं ते मी बघितलंच नाही."

तिने मान हलवली. तिच्या खांद्यावर एक पिशवी होती, ती तिने बाकावर ठेवली. "हे पोरीचं राखीव. उद्यापासून ती येतेय. इथे जवळपास दुसरं कुणी शिकवणारं नाही, नाहीतर आली नसती." आणि ती निघून गेली.

लेथवाली आली. मास्तरांशी ती कामापुरतं बोले, आणि मास्तरांनी काही सांगितलं की आधी दुसऱ्या कुणाला तरी विचारून घेई. तीन आठवड्यांनी तिचं पहिलं एकटीचं उड्डाण ठरलं. मास्तर जमिनीवर रेडिओ घेऊन उभे होते. तिने मशीन पाठीवर चढवलं, थ्रॉटल डोळ्यांनी बघितला, पोस्टमनला बघायला लावला, मग सुरू केलं. सात पावलांत उचलली गेली.

वीस मिनिटं सगळं ठीक होतं. ऊन तापू लागलं होतं. मास्तरांनी उतरायला सांगितलं, तर तिने शेवटची फेरी मैदानाच्या पलीकडच्या टेकडीमागून घेतली. नेमकी वाऱ्याच्या आडोशाला, जिथे टेकडीवरून उतरणारी हवा भोवऱ्यासारखी फिरते. मास्तरांनी रेडिओ तोंडाशी नेला, तेवढ्यात विंगची उजवी बाजू कागद चुरगळावा तशी आत मुडपली.

ती तीस मजल्यांच्या उंचीवर होती. अर्ध्या विंगने तिला उजवीकडे खेचलं, घाबरून तिने थ्रॉटल पूर्ण दाबला होता, इंजिनाने तिला उलट दिशेने पिळलं. ती भिरभिरू लागली. खालूनही दिसत होतं की तिने दोन्ही ब्रेक छातीपर्यंत ओढलेत.

"थ्रॉटल सोड," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज अगदी सपाट होता. "हात वर."

हात खालीच होते. विंगची उरलेली बाजूही मागे लोंबायला लागली.

"मी खोटारडा आहे. पण हे खरं आहे. हात वर."

हात वर गेले. इंजिनाचा आवाज पडला. विंग तिच्या डोक्यावरून पुढे झेपावली, आता ती कापडात गुरफटणार असं वाटलं. "आता ब्रेक, जोरात, आणि सोड," मास्तर म्हणाले. तिने केलं. मुडपलेली बाजू फाड्कन चाबकासारखी वाजून उघडली. दहा मजले उरले होते, आणि समोर तारेचं कुंपण.

"डावीकडे झुक. आणखी."

ती कुंपणावरून कशीबशी निघाली आणि नांगरलेल्या मातीत आदळली. पंख्याची पाती जमिनीत घुसून फुटली. मास्तर धावले. आपल्या मोडक्या खांद्याला ते विसरले होते. ती एका कुशीवर पडली होती, डावा पाय नको तिथे वळला होता, बूट मागे तोंड करून होता. इंजिन तिने बंद केलं होतं, बटणावरचा अंगठा अजून तसाच दाबलेला होता. मास्तरांनी पट्टे सोडले. पायाला हात लावला तेव्हा तिने त्यांना आईबहिणीवरून शिव्या घातल्या, आणि बेशुद्ध होईपर्यंत घालत राहिली.

पायात दोन सळया घालाव्या लागल्या. दवाखान्यात बायको आणि वहिनी एका बाजूच्या बाकावर बसल्या, मास्तर दुसऱ्या बाजूला.  संध्याकाळी वहिनी उठली, किटलीतून चहा ओतला, एक कप मास्तरांच्या बाकाच्या कडेला ठेवला आणि परत आपल्या जागी गेली. मास्तरांनी तो घेतला नाही. तिनेही घ्या म्हटलं नाही. गार झाल्यावर बायकोने तो उचलून मोरीत ओतला.

लेथवाली सात महिन्यांनी पुन्हा उडाली. आता ती त्या मैदानावर मशीन तपासते. तिच्या सहीशिवाय मास्तरांनाही दोरीला हात लावता येत नाही, हा नियम तिनेच केलाय. बायको वहिनीकडेच राहते. मंगळवारी शेडमध्ये येऊन राखीव पॅराशूटं बांधते आणि दुपारी जाते. मास्तर एकटे स्वयंपाक करतात, तीन बोटांच्या हाताने कांदा धरून चिरतात.